प्रोस्टेट वाढल्यावर: गोळ्या, दुर्बीण, वाफ आणि लेझर

पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाच्या सुरुवातीलाच त्याला वेढून बसलेली एक लहान ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. वाईत तयार झालेल्या मराठी विश्वकोशात तिच्यासाठी ‘अष्ठीला ग्रंथि’ हा शब्द योजलेला आहे. अष्ठीला म्हणजे गोल दगड. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लघवी अडण्याच्या विकारांमध्ये ‘वाताष्ठीला’ हा प्रकार सांगितला आहे. मूत्राशय आणि गुदमार्ग यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट गाठ होऊन लघवी तुंबते, असे त्याचे वर्णन आहे. म्हणजे आजार जुनाच आहे. त्यावरचे उपचार मात्र गेल्या तीस वर्षांत खूप बदलले आहेत.

पूर्वी रुग्णापुढे दोनच वाटा असत: गोळ्या घ्यायच्या किंवा ऑपरेशन करायचे. आता या दोन्हींच्या मध्ये बसणारे काही उपचार आले आहेत. त्यांत ग्रंथी कापून काढत नाहीत, भूल हलकी लागते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. त्यांना ‘कमीत कमी छेदाचे उपचार’ म्हणतात. हे उपचार प्रत्येकाला लागू पडत नाहीत, आणि फार उशीर केलेल्या रुग्णाला त्यांचा फायदा मिळेलच असे नाही.

ग्रंथी का वाढते?

तरुणपणी प्रोस्टेटचे वजन साधारण २० ग्रॅम असते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ही ग्रंथी तयार करते. चाळिशीनंतर पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने तिचा आतला भाग हळूहळू वाढू लागतो. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत अशी वाढ सुरू झालेली असते; ऐंशीनंतर ती बहुतेकांमध्ये आढळते. ही वाढ कर्करोगाची नसते आणि पुढे तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र त्याच ग्रंथीत कर्करोग वेगळा होऊ शकतो, म्हणून तपासणी करून घ्यावी लागते.

ग्रंथी किती मोठी आहे यापेक्षा ती कोणत्या दिशेने वाढली आहे हे जास्त महत्त्वाचे असते. काहींची ग्रंथी ८० ग्रॅमची असूनही त्रास थोडा असतो. काहींची ३५ ग्रॅमचीच असते, पण तिचा मधला भाग मूत्राशयाच्या तोंडात झडपेसारखा शिरतो आणि लघवी अडते. त्यामुळे ‘सोनोग्राफीत प्रोस्टेट मोठी आली’ एवढ्यावरून ऑपरेशन ठरत नाही.

घरात लक्षात येणाऱ्या खुणा

लघवीची धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच थांबते, शेवटी थेंब थेंब गळत राहते. झाल्यावरही पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. दिवसा वारंवार जावे लागते, लागली की थांबवत नाही. रात्री दोन, तीन, चार वेळा उठावे लागते. वाईकडच्या थंडीत पहाटे ही उठबस आणखी जाचते.

बरेच ज्येष्ठ तक्रार करण्याऐवजी आपली दिनचर्याच बदलतात. पुण्याला जाणारी एसटी टाळतात, प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाहीत, लग्नात किंवा कीर्तनात दाराजवळची जागा धरतात. विचारले तर ‘वय झालं, चालायचंच’ एवढेच म्हणतात. घरातल्यांनी अशा बदलांकडे लक्ष दिले तर आजार लवकर कळतो.

रात्री उठावे लागण्याचे कारण प्रत्येक वेळी प्रोस्टेट नसते. मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा, पायांवरची सूज, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी यांमुळेही तसे होते. म्हणून आधी कारण शोधावे लागते.

उशीर झाला तर काय होते?

अडथळ्याविरुद्ध जोर लावून मूत्राशयाची भिंत आधी जाड होते आणि मग थकते. लघवी पूर्ण बाहेर पडत नाही. साठून राहिलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होतो, मुतखडे तयार होतात. सतत कुंथण्याने हर्निया वाढतो. दाब वर पोचला की मूत्रपिंडे फुगतात आणि त्यांचे काम मंदावते.

एखाद्या दिवशी लघवी अचानक पूर्ण बंद होते. पोटाच्या खालच्या भागात फुगवटा येतो, वेदना असह्य होतात. सर्दीच्या काही गोळ्या, मद्यपान, बद्धकोष्ठ, लघवी फार वेळ दाबून ठेवणे, दुसऱ्या एखाद्या ऑपरेशनची भूल ही त्याची नेहमीची निमित्ते आहेत. अशा वेळी लगेच रुग्णालयात जाऊन नळी टाकून घ्यावी लागते. सकाळची वाट पाहू नये.

याहून फसवा प्रकार म्हणजे न दुखता हळूहळू तुंबणे. मूत्राशय ताणून मोठे होते, पण वेदना होत नाही. भरलेल्या टाकीतून पाणी सांडावे तशी लघवी नकळत गळते आणि रात्री अंथरूण ओले होते. ‘लघवी तर होतेच आहे, उलट जास्तच होते’ असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात मूत्रपिंडे धोक्यात असतात. म्हाताऱ्या माणसाचे अंथरूण नव्याने ओले होऊ लागले तर ते त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगायला हवे.

तपासण्या कोणत्या?

पहिल्या भेटीत डॉक्टर सात प्रश्नांची एक यादी विचारतात. प्रत्येकाला ० ते ५ गुण असतात, एकूण ३५. बेरीज ७ पर्यंत आली तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० च्या पुढे तीव्र समजतात. आठवा प्रश्न वेगळा असतो: ‘आयुष्यभर असेच राहिले तर कसे वाटेल?’ उपचार ठरवताना या उत्तराला मोठे वजन असते.

गुदमार्गातून बोटाने केलेली तपासणी अवघ्या मिनिटाची असते. तिच्यात ग्रंथीचा आकार आणि कडकपणा कळतो. लाजेपोटी ती टाळू नये. याशिवाय लघवीची तपासणी, रक्तातील क्रिएटिनिन आणि साखर, आणि पीएसए ही रक्तचाचणी केली जाते. पीएसए वाढले म्हणजे कर्करोगच असे नाही. ग्रंथीची साधी वाढ, संसर्ग किंवा नळी टाकल्यानेही ते वाढते.

पोटाच्या सोनोग्राफीत ग्रंथीचे वजन, मूत्रपिंडांची सूज, खडे आणि लघवी केल्यानंतर आत किती उरते हे दिसते. धारेचा वेग मोजण्यासाठी एका यंत्रात लघवी करायला सांगतात. सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर वेग असेल तर तो साधारण चांगला, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता जास्त. मधुमेह, पक्षाघात किंवा कंपवात असलेल्या रुग्णात मूत्राशयाच्या ताकदीची वेगळी चाचणी करावी लागू शकते. मूत्राशयच लुळे पडले असेल तर वाट मोकळी करूनही धार सुधारत नाही.

गोळ्यांनी किती काम होते?

सौम्य त्रासात औषध लागतेच असे नाही. संध्याकाळनंतर चहा व पाणी कमी करणे, बद्धकोष्ठ टाळणे, वर्षातून एकदा तपासून घेणे एवढे पुरते.

मध्यम त्रासात टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन या गटातील गोळ्या देतात. त्या मूत्राशयाच्या तोंडाजवळचे स्नायू सैल करतात आणि काही दिवसांतच आराम पडतो. उठताना चक्कर येणे आणि वीर्य कमी पडणे हे त्यांचे दुष्परिणाम आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी या गोळ्या चालू असल्याचे, किंवा पूर्वी घेतल्याचे, डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या औषधाने बाहुली ढिली पडते आणि ऑपरेशन अवघड होते. नेत्र शिबिरात नाव नोंदवताना ही गोष्ट हमखास राहून जाते.

फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही औषधे ग्रंथी प्रत्यक्ष लहान करतात, पण त्यासाठी सहा महिने लागतात. मोठ्या ग्रंथीत ती उपयोगी पडतात. त्यांच्यामुळे पीएसए सुमारे निम्मे होते, म्हणून अहवाल वाचताना डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचे माहीत असावे लागते. काहींची कामेच्छा कमी होते.

गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात आणि बहुतेकांचे त्यावर भागतेही. पण लघवी पुन्हा पुन्हा तुंबणे, वारंवार संसर्ग, मूत्राशयात खडे, लघवीतून सतत रक्त किंवा मूत्रपिंडांवर परिणाम यांपैकी काही झाले तर गोळ्यांवर थांबणे धोक्याचे असते.

दुर्बिणीचे ऑपरेशन: तुलनेचे माप

टीयूआरपी हे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेने ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही पद्धत सुरू झाली आणि आजही नवे उपचार तिच्याशीच ताडून पाहिले जातात. कमरेतून भूल देतात, पोटावर टाका नसतो, नळी दोन-तीन दिवस राहते.

जाहिरातीत ‘बिनटाक्याचे’ असे लिहिलेले असले तरी गोंधळून जाऊ नये. टीयूआरपीही बिनटाक्याचेच आहे. नव्या उपचारांचे वेगळेपण टाक्यात नसून ग्रंथी किती कापली जाते, रक्त किती जाते आणि भूल किती लागते यात आहे.

टीयूआरपीने धार चांगली मोकळी होते आणि फायदा अनेक वर्षे टिकतो. त्याबदल्यात काहींना रक्तस्राव होतो, क्वचित लघवीवरचा ताबा सैल होतो, आणि बहुतेकांचे वीर्य समागमाच्या वेळी बाहेर न येता मूत्राशयात जाते. त्याने अपाय होत नाही, पण आधी सांगितले नसेल तर माणूस घाबरतो. पूर्वी या ऑपरेशनात वापरलेले पाणी शरीरात शोषले जाऊन सोडियम घटण्याचा धोका असे. आता बायपोलर यंत्रावर सलाइन वापरता येते, त्यामुळे तो धोका खूप कमी झाला आहे.

कमीत कमी छेदाचे उपचार

क्लिपा. यूरोलिफ्ट या पद्धतीत दुर्बिणीतून बारीक क्लिपा लावून ग्रंथीचे दोन्ही भाग, पडदे बांधावेत तसे, बाजूला ओढून धरतात. काहीही कापत नाहीत. अमेरिकेत तिला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. मध्यम आकाराच्या ग्रंथीत ती चालते. मधला भाग मूत्राशयात शिरलेला असेल तर बहुधा जमत नाही. आराम लवकर मिळतो, लैंगिक क्रिया शाबूत राहते. मात्र मुख्य चाचणीत पाच वर्षांत सुमारे १४ टक्के रुग्णांना पुन्हा उपचार घ्यावे लागले.

वाफ. रेझूम पद्धतीत सुईवाटे ग्रंथीत पाण्याची वाफ सोडतात. एका जागी ९ सेकंद, आकाराप्रमाणे काही जागी. वाफेने मेलेल्या पेशी शरीर हळूहळू शोषून घेते. म्हणून फायदा लगेच दिसत नाही. त्याला काही आठवडे ते तीन महिने लागतात. सुरुवातीला सूज येत असल्याने काही दिवस नळी ठेवावी लागते आणि जळजळ होते. साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथीसाठी ही पद्धत आहे, आणि मधला भाग वाढलेला असला तरी करता येते. मूळ चाचणीत पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागलेले रुग्ण सुमारे ४ टक्के होते.

तात्पुरती जाळी. आयटिंड हे निकेल-टायटॅनियमच्या तारांचे लहान उपकरण दुमडून आत ठेवतात. ते उमलून ग्रंथीवर दाब देते आणि त्यातून वाट रुंद होते. ५ ते ७ दिवसांनी ते काढून घेतात. शरीरात काही राहत नाही.

रक्तपुरवठा तोडणे. या पद्धतीत मूत्रमार्गाला हातच लावत नाहीत. मांडीच्या सांध्यातून किंवा मनगटातून बारीक नळी रक्तवाहिनीत घालून ती प्रोस्टेटच्या धमन्यांपर्यंत नेतात आणि सूक्ष्म कण सोडून त्या बंद करतात. रक्त न मिळाल्याने ग्रंथी आकसते. हे काम मूत्ररोगतज्ज्ञ करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. भूल सोसणार नाही असे हृदयाचे रुग्ण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरचे रुग्ण आणि फार मोठ्या ग्रंथीचे काही रुग्ण यांना तिचा आधार वाटतो. वृद्धांच्या वेड्यावाकड्या, कडक धमन्यांत मात्र नळी पोचवणे कठीण जाते.

लेझर आणि पाण्याची धार. होल्मियम लेझरने संत्र्याच्या सालीतून गर सोडवावा तशी ग्रंथी आतून सोडवून, बारीक करून बाहेर काढतात. न्यूझीलंडमध्ये नव्वदच्या दशकात विकसित झालेली ही पद्धत, होलेप, कोणत्याही आकाराच्या ग्रंथीत चालते. रक्त कमी जाते आणि फायदा दीर्घकाळ टिकतो. १०० ग्रॅमच्या पुढच्या ग्रंथीसाठी पूर्वी पोट उघडावे लागे. ती वेळ आता बरीच टळली आहे. पण ती शिकायला वेळ लागतो, म्हणून सर्जनचा अनुभव विचारावा. पाण्याच्या वेगवान धारेने संगणकाच्या नियंत्रणाखाली ग्रंथी कोरण्याची ॲक्वाब्लेशन ही पद्धतही आता आहे. लेझर व ॲक्वाब्लेशन या दोन्हींना पूर्ण किंवा कमरेची भूल लागते. त्यामुळे ‘लेझर म्हणजे किरकोळ’ हा समज बरोबर नाही.

कोणाला काय लागू पडते?

ग्रंथीला जितका कमी धक्का, तितका त्रास कमी. पण धार तितकीच कमी सुधारते आणि पुन्हा उपचार लागण्याची शक्यता वाढते. क्लिपा, वाफ आणि जाळी हे उपचार गोळ्यांना कंटाळलेल्या किंवा गोळ्या न सोसणाऱ्या, मध्यम त्रासाच्या, मध्यम आकाराच्या ग्रंथीच्या आणि मूत्राशय अजून दमदार असलेल्या माणसासाठी उत्तम असतात. ज्याच्या मूत्राशयात खडे झाले आहेत, मूत्रपिंडे फुगली आहेत किंवा जो महिनोन्‌महिने नळीवर आहे, त्याला बहुधा टीयूआरपी किंवा लेझर हाच मार्ग उरतो. म्हणजे पाच वर्षे त्रास लपवणारा माणूस सौम्य उपचाराची संधी स्वतःच गमावतो.

वय हा एकटा निकष नाही. ठणठणीत ऐंशीचा माणूस लेझर सहज सोसतो. हृदयाची झडप बिघडलेल्या पासष्टीच्या माणसाला रक्तपुरवठा तोडण्याचा मार्ग बरा ठरू शकतो. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने बंद करू नये. ते हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

वाईहून जायचे कुठे?

रक्त-लघवीच्या चाचण्या, सोनोग्राफी आणि अडलेल्या वेळी नळी टाकणे ही कामे तालुक्याच्या गावी होऊ शकतात. धोम, मेणवली, बावधन अशा गावांतल्या माणसाने लघवी बंद झाल्यावर आधी वाई गाठावी; नळी टाकून घेतल्यावर पुढच्या प्रवासाला सवड मिळते. मूत्ररोगतज्ज्ञ गाठण्यासाठी सुमारे ३५ किलोमीटरवरचे सातारा, त्यापुढे कराड आणि मिरजेची वैद्यकीय महाविद्यालये, किंवा सुमारे ९० किलोमीटरवरचे पुणे असे पर्याय आहेत. क्लिपा, वाफ किंवा रक्तपुरवठा तोडणे यांची यंत्रे व माणसे सगळीकडे नसतात, त्यामुळे निघण्यापूर्वी फोनवर चौकशी करावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. आज तिच्यात राज्यातील कुटुंबांना अंगीकृत रुग्णालयात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात आणि मूत्ररोगाच्या शस्त्रक्रिया तिच्यात येतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्डावरही ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. नवी उपकरणे वापरायची असतील तर तो खर्च योजनेत बसतो का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवावे.

उपचार ठरवताना विचारायचे प्रश्न

माझी ग्रंथी किती ग्रॅमची आहे आणि मधला भाग वाढला आहे का? लघवीनंतर किती मिलिलिटर उरते? मूत्राशयाची ताकद कशी आहे? माझ्यासाठी दोन तरी पर्याय कोणते, आणि पाच वर्षांत पुन्हा काही करावे लागण्याची शक्यता किती? वीर्य आणि लैंगिक क्रियेवर काय परिणाम होईल? नळी किती दिवस राहील? ही पद्धत या रुग्णालयात नेहमी होते का?

घरी गेल्यावर

दुर्बिणीच्या किंवा लेझरच्या उपचारानंतर काही आठवडे लघवी अधूनमधून लालसर होते, जळजळते आणि घाई वाढते. पाणी भरपूर प्यावे, शौचाला जोर लावू नये. साधारण महिनाभर जड ओझे उचलणे, उसाच्या शेतातली मेहनत आणि मोटारसायकल टाळायला सांगतात. कमी छेदाच्या उपचारांनंतर हे बंधन कमी दिवसांचे असते. रक्ताच्या गाठी पडणे, थंडी वाजून ताप येणे किंवा लघवी बंद होणे यांपैकी काही झाले तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जावे. ग्रंथीचा काही भाग मागे राहत असल्याने कर्करोगाची शक्यता पूर्ण जात नाही. म्हणून पीएसएची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने पुढेही चालू ठेवावी लागते.